आईला घेऊन अमेरिकेला निघताना करायची तयारी

वयस्कर आई-वडिलांना घेऊन मुंबईहून अमेरिका गाठायची, तर घराचं दार ओढल्यापासून तिकडच्या घरी टेकेपर्यंत पूर्ण एक दिवस आणि वर काही तास जातात. एवढ्या वेळात काही ना काही बिनसतंच. विमान लेट होतं, बॅग मागे राहते, पुढचं विमान हुकतं. यातलं बरंचसं निस्तरता येतं. खरी घालमेल होते ती नेमक्या त्याच वेळी आपली आणि त्यांची ताटातूट झाली की. व्हीलचेअर वेगळ्या लिफ्टने जाते, सुरक्षा तपासणीला बायकांची रांग वेगळी असते, आपण काउंटरवर भांडत असतो आणि आई कुठेतरी खुर्चीत एकटी असते. म्हणून या यादीतली प्रत्येक गोष्ट मी एकाच प्रश्नावर पारखून घेतली आहे. अर्धा तास मी शेजारी नसलो, तर आईचं तिला निभावता येईल का?

सुरुवात तिकिटापासून. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली की चार पैसे वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी हात वर करते आणि नवं तिकीट पदरचं काढावं लागतं. तिकीट एकच असेल तर पुढच्या विमानात जागा करून देणं कंपनीवर येतं. मधला थांबा तीन-चार तासांचा हवा. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतात, त्यामुळे दीड तासाच्या थांब्यात आईला धावपळ करायला लावणं बरं नाही. अमेरिकेत उतरून पुन्हा देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढाव्या लागतात आणि परत जमा कराव्या लागतात. तो वेळ वेगळा धरा. जागा कडेची, स्वच्छतागृहापासून चार-पाच ओळींवरची. अगदी लागून असलेली नको, तिथे रात्रभर दार वाजत राहतं.

जेवण आधीच नोंदवायचं आणि नोंदवताना नीट वाचायचं. ‘हिंदू मील’ या नावाखाली बहुतेक कंपन्या मांसाहारी जेवण देतात, फक्त त्यात गोमांस नसतं. शाकाहारी माणसासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडायचं, कांदा-लसूण चालत नसेल तर ‘जैन’. मधुमेहींसाठीचं जेवण शाकाहारी असेलच असं नाही. कंपनीकडून चूक होऊ शकते, तेव्हा दशम्या, मेथीचे ठेपले, खाकरे असं काहीतरी आईच्या पिशवीत असू द्या. दही आणि पातळ चटणी नको, हातातल्या सामानात १०० मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव पदार्थ सोडत नाहीत.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा, उशिरात उशिरा प्रवासाच्या ४८ तास आधी. मागताना तीन प्रकार विचारतात. जिना चढता येतो पण लांबचं चालवत नाही, जिनाही चढवत नाही, किंवा विमानातल्या जागेपर्यंतही चालता येत नाही. खरं असेल ते सांगा. ‘मला काय धाड भरलीय, मी चालेन की’ असं आई हमखास म्हणणार. घरातल्या घरात ती चालते हे खरं, पण मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किलोमीटरभर चाल होऊ शकते, तीही अर्धवट झोपेत. गुडघे बदललेले असतील तर धातुशोधक यंत्र वाजणार आणि हाताने तपासणी होणार, हे तिला आधी सांगून ठेवा म्हणजे ती भांबावणार नाही. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जवळ ठेवायचं आणि तपासणीआधीच दाखवायचं.

आखातातल्या एका विमानतळावर खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने आईला इतर पाच-सहा जणांबरोबर एका दालनात बसवलं आणि तो गेला. मला वेगळ्या रांगेतून पाठवलं होतं. त्याची पाळी संपली, दुसरा आला, त्याला कोण कुठे जायचंय ते ठाऊक नव्हतं. आईने पासपोर्टच्या कव्हरमधली चिठ्ठी काढून गणवेशातल्या एका मुलीपुढे धरली. त्या मुलीने ती वाचली, विमानाचा नंबर पडद्यावर शोधला आणि आईला थेट गेटवर आणून सोडलं. आई तिला इंग्रजीत एक शब्दही बोललेली नव्हती.

ती चिठ्ठी या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू. पुठ्ठ्याएवढा जाड कागद घ्या. एका बाजूला ठळक इंग्रजी अक्षरांत आईचं पासपोर्टवरचं नाव, दोन्ही विमानांचे नंबर आणि तारखा, ‘मला मराठी आणि हिंदी येतं, माझा मुलगा बरोबर आहे’ हे वाक्य, आपला फोन +९१ सकट आणि तिकडच्या नातलगाचा +१ सकट (आकडे अर्थातच इंग्रजी), उतरायचा पूर्ण पत्ता, आजार, आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती. मागच्या बाजूला मराठीत, तिच्यासाठी: आधी कुठे उतरायचं, तिथे किती तास थांबायचं, मग कुठे, आणि चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच बस, मी येतो. एक प्रत पर्समध्ये, एक पासपोर्टबरोबर. नुसत्या फोनवर विसंबू नका, बॅटरी संपते. तिच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येतो, तेव्हा तुमच्याही. पॉवरबँक हातातल्याच सामानात ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

आता औषधं. संपूर्ण मुक्कामाची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. त्याखेरीज आठवड्याभराच्या गोळ्या आईच्या स्वतःच्या पर्समध्ये. दोन दिवसांच्या पुरतात असं वाटतं, पण १६ एप्रिल २०२४ला दुबईत विक्रमी पाऊस झाला, धावपट्ट्यांवर पाणी साचलं आणि असंख्य प्रवासी दिवसच्या दिवस विमानतळावर अडकून पडले. चेक-इन केलेली बॅग अशा वेळी हाती लागत नाही. इन्सुलिन तर त्या बॅगेत कधीच नको. सामानकक्षात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावं लिहून घ्या: अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, जे असेल ते. आपल्या ब्रँडची नावं तिकडच्या डॉक्टरला ओळखू येणार नाहीत. आपलं पॅरासिटामॉल तिकडे असिटॅमिनोफेन या नावाने मिळतं.

वेळापत्रकही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे प्रवासाचा दिवस लांबलचक होतो. इन्सुलिन किती आणि कधी, लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे आपल्या मनाने ठरवू नये. विमानात असेपर्यंत आईच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या आणि गोळ्यांच्या वेळा त्याच घड्याळाप्रमाणे लिहून द्या. पोचल्यावर बदला.

वाटेत दुबई किंवा अबू धाबी असेल तर दोन गोष्टी घरीच ठेवा. एक खसखस. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि लोक अडचणीत आलेले आहेत, त्यामुळे खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घातलेला मसालाही नको. दुसरी गोष्ट, गुडघेदुखीसाठी दिलेली ट्रॅमाडॉलसारखी गोळी. तिथे ती नियंत्रित औषधांत मोडते. पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा, नसेल तर आगाऊ परवानगी काढा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत भरू नका, तेलकट खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून ते विमानात चालत नाही. लोणचं, चिवडा, भाजणी यांना हरकत नसते, पण अमेरिकेत उतरल्यावर ‘खाण्याचे पदार्थ आहेत का’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणायचं आणि काय आहे ते सांगायचं. सांगितल्यावर फार तर एखादी पुडी काढून घेतील, लपवल्याचा मात्र दंड होतो. हे आईला पक्कं सांगून ठेवा, कारण घाबरून ती ‘काही नाही’ म्हणेल. इमिग्रेशनच्या काउंटरवर कुटुंबाने एकत्र जायला बहुधा हरकत घेत नाहीत. कुणाकडे आलात, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट कधीचं, एवढ्यांची उत्तरं तिला तोंडपाठ असावीत.

पुण्याहून निघणाऱ्यांनी खंडाळ्याच्या घाटासाठी दोन तास वेगळे ठेवावेत, पावसाळ्यात जास्तच.

विमानात आया पाणी पीत नाहीत. उठायला लागू नये, शेजाऱ्याला त्रास नको, आणि मुख्य म्हणजे त्या छोट्या स्वच्छतागृहाची धास्ती. केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते, त्यात पाणी तोडलं की डोकं दुखतं, चक्कर येते. म्हणून विमान वर स्थिर झालं की आईला एकदा तिकडे नेऊन सगळं दाखवा. दार बहुतेक मधोमध दुमडतं, घडीवर दाबलं की आत जातं. आतून कडी सरकवल्याशिवाय दिवा पूर्ण लागत नाही, त्यामुळे अंधार पाहून घाबरायचं नाही. फ्लशचा आवाज मोठा येतो, तो उभं राहून मगच दाबायचा. कडी लावायला मन धजत नसेल तर दाराशी तुम्ही उभे राहा. एकदा जमलं की ती आपणहून पाणी मागते. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, म्हणून तासा-दीड तासाने पाऊल वर-खाली आणि जागेपासून मागच्या टोकापर्यंत एक फेरी. घट्ट मोजे आधी डॉक्टरांना विचारून, मापाचेच घ्या.

विमा घेताना जुन्या आजारांबद्दलचं कलम स्वतः वाचा. बऱ्याच पॉलिसी जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे देतात. बीपी, शुगर लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

बॅगा भरताना दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे टाका. आईची एक साडी किंवा ड्रेस, आतले कपडे, स्वेटर, दातांची डबी आणि श्रवणयंत्राचे सेल हातातल्या बॅगेत. बंद केलेल्या बॅगेचा आणि आतल्या सामानाचा फोटो काढून ठेवा. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आईला तोवर बसवून, तिच्या हातात पाण्याची बाटली आणि ती चिठ्ठी देऊन मगच रांगेत उभे राहा. मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्या जपा. मॉन्ट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचे नियम यात आहेत) उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीची ७ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते.