कॅटॅलिस्ट ९३०० चा स्टॅक अपग्रेडला घेण्याआधी

अपग्रेडच्या कमांड तीन-चारच असतात. रात्र हातातून जाते ती मागे कसं यायचं हे आधी ठरवलेलं नसतं म्हणून. त्यामुळे तयारी करताना प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा: इथे अडलो तर परत कसं यायचं? पुढचं सगळं सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० या नेटवर्क स्विचच्या स्टॅकसाठी (एकत्र जोडून एकच म्हणून चालणारे अनेक स्विच) आणि त्यावर चालणाऱ्या आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरच्या १७ च्या मालिकेसाठी आहे.

सुरुवात व्हर्जन निवडण्यापासून. नवं आलंय एवढं कारण पुरत नाही. १७.३, १७.६, १७.९, १७.१२ अशा दर तिसऱ्या रिलीजला सिस्को जास्त काळ दुरुस्त्या देते, प्रॉडक्शनसाठी त्यातलंच, दुरुस्त्या अजून मिळत असलेलं घ्या. रिलीज नोट्समधले अजून न सुटलेले बग वाचा आणि आपल्याकडे चालू असलेल्या फीचर्सशी पडताळा. डॉट वन एक्स (पोर्टवर आधी ओळख पटवून घेणारी व्यवस्था) वापरत असाल तर त्याचे बग आधी. सिक्युरिटीची घाई असली तरी हे वाचन सोडू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये वेब यूआयमधली (ब्राउझरमधून स्विच चालवायच्या पानातली) सीव्हीई-२०२३-२०१९८ ही त्रुटी जाहीर झाली. तीव्रता १० पैकी १०. लॉगिन न करता बाहेरच्याला पूर्ण अधिकाराचं खातं तयार करता येत होतं. १७.९ साठी दुरुस्ती १७.९.४ए मध्ये आली. पण ते पान देणारे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस सर्व्हर बंद केले की तो धोका तिथल्या तिथे थांबत होता आणि अपग्रेड सवडीने करता येत होतं. तातडीचा उपाय वेगळा आणि अपग्रेड वेगळं, हा फरक मॅनेजरला समजावून सांगणं हाही तयारीचाच भाग आहे.

मग स्विचकडे वळा. शो व्हर्जन या कमांडच्या शेवटी प्रत्येक मेंबरचा, म्हणजे स्टॅकमधल्या प्रत्येक स्विचचा, मोड दिसतो. सगळे इन्स्टॉल मोडमध्ये (सुट्या पॅकेजेसवरून चालणारे) हवेत, बंडलमध्ये (एकाच सबंध फाइलवरून चालणारे) असतील तर आधी ते बदलण्याचं काम वेगळं काढा. शो बूटमध्ये पॅकेजेस डॉट कॉन्फ (इन्स्टॉल मोडमध्ये स्विच ज्या फाइलवरून सुरू होतो ती) दिसायला हवं आणि मॅन्युअल बूट बंद असायला हवं. ते चालू राहिलं तर रीलोडनंतर (रीस्टार्टनंतर) स्विच बूटलोडर या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमच्या प्रॉम्प्टवर थांबून राहतो आणि दूरवर बसलेल्याला तो मेल्यासारखाच वाटतो. शो स्विचमध्ये सगळे मेंबर रेडी, शिवाय स्टॅकच्या केबल दोन्ही बाजूंनी लागलेल्या, दोन्ही पॉवर सप्लाय ठीक, हे बघून घ्या. वर्षानुवर्षं न थांबलेल्या स्विचमधला दुबळा सप्लाय नेमका रीलोडच्या वेळी दगा देतो.

नव्या व्हर्जनची फाइल आदल्या दिवशीच स्विचवर चढवा. ती एक जीबीच्या आसपास असते आणि पॅकेजेस सुटी करायला जवळजवळ तेवढीच जागा आणखी लागते. प्रत्येक मेंबरच्या फ्लॅशवर (स्विचच्या साठवणीत) तेवढी जागा आहे का बघा. जागा कमी असेल तर इन्स्टॉल रिमूव्ह इनॲक्टिव्हने वापरात नसलेली पॅकेजेस काढा, पण सध्या चालू असलेल्या व्हर्जनची मूळ फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेवूनच. चढवलेल्या फाइलचा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारी खूण) डाउनलोडच्या पानावरच्या हॅशशी ताडून बघा. पहिली चार अक्षरं जुळली म्हणून पुढे जाऊ नका.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप स्विचबाहेर, साध्या टेक्स्टमध्ये. त्याआधी रनिंग (सध्या चालू असलेलं) आणि स्टार्टअप (सेव्ह केलेलं, रीलोडनंतर येणारं) यांच्यातला फरक काढा. कधीतरी कुणीतरी एका पोर्टचं व्हीलॅन (तो ज्या आभासी नेटवर्कमध्ये आहे ते) बदललेलं असतं आणि राइट मेमरी, म्हणजे सेव्ह, करायचं राहिलेलं असतं. रीलोड झाला की तो पोर्ट जुन्या व्हीलॅनमध्ये जातो आणि सकाळी दोष नव्या व्हर्जनवर येतो. फरकातल्या प्रत्येक ओळीचा मालक शोधा, मगच सेव्ह करा.

आता आधीचं चित्र टिपून ठेवा: इंटरफेस स्टेटस, इथरचॅनल (एकत्र बांधलेल्या लिंक), स्पॅनिंग ट्रीचा रूट (लूप टाळणाऱ्या व्यवस्थेतला मुख्य स्विच), सीडीपी नेबर (शेजारची उपकरणं), राउट, मॅक टेबल (कोणतं उपकरण कोणत्या पोर्टवर), पीओई (नेटवर्क केबलमधून दिली जाणारी वीज). सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये. नंतर त्याच कमांड त्याच क्रमाने चालवून दोन फाइली शेजारी ठेवल्या की काय परत आलं नाही ते लगेच दिसतं. आठवणीवर पोर्ट मोजता येत नाहीत.

कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) हातात हवी आणि ती आदल्या दिवशी लावून, ९६०० च्या स्पीडवर लॉगिन होतं हे बघितलेलं हवं. एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून केलेलं लॉगिन, रीलोडबरोबर जातं. बूट होताना काय चाललंय ते फक्त कन्सोल दाखवतो. नव्या इमेजच्या पहिल्या बूटला बूटलोडर किंवा मायक्रोकोडही (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपग्रेड होऊ शकतो. त्यात काही मिनिटं स्क्रीन शांत वाटते, तेव्हा वीज काढायची नाही. रॅक यूपीएसवर आहे ना, तेही बघा.

माणसांना सांगायचं ते नेमकं सांगा. स्टॅकमधले सगळे स्विच एकदम रीलोड होतात, म्हणजे फोन, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक आणि पीओईवर चालणारे दरवाजे बंद. स्विच आल्यावरही ॲक्सेस पॉइंट उठायला आणखी वेळ घेतात. सिक्युरिटीच्या लोकांना दारांची किल्ली हातात देऊन ठेवा. पुण्यातल्या ऑफिसमध्ये अमेरिकेचा सपोर्ट चालत असेल तर रात्र हीच त्यांची कामाची वेळ. तिथे शनिवारी दुपारी डाउनटाइम मागा.

ॲड (फाइलमधली पॅकेजेस सुटी करणं), ॲक्टिव्हेट (रीलोड करून नवं व्हर्जन चालू करणं), कमिट (ते पक्कं करणं) या पायऱ्या एका ओळीत न देता वेगवेगळ्या द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. ॲक्टिव्हेटनंतर १२० मिनिटांचा टायमर सुरू होतो. तेवढ्यात कमिट केलं नाही तर स्विच रीलोड होऊन आपणहून जुन्या व्हर्जनवर परततो. अपग्रेडनंतर आपणच बाहेर अडकलो तर हीच वाट आपल्याला वाचवते. मात्र कमिट विसरलात तर ऐन कामाच्या वेळी दुसरा रीलोड होईल, म्हणून मोबाइलवर अलार्म लावा. ॲक्टिव्हेटनंतर किती वाजेपर्यंत तपासायचं आणि किती वाजता मागे फिरायचं, हे चेंज रिक्वेस्टमध्ये (बदलाच्या मंजुरीच्या अर्जात) आधीच लिहा. रात्री तीन वाजता थकलेल्या डोक्याला "अजून एकदा बघू" असंच वाटतं.

कमिटनंतर आठवडाभर जुनी पॅकेजेस फ्लॅशवर राहू द्या. महिन्याचा शेवट जवळ असेल तर अकाउंट्सचं काम उरकेपर्यंत. त्यानंतर ती काढून पुढच्या स्टॅकची तारीख घ्या.