पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की रेडिओ बंद पडायचा, असा सुटला प्रॉब्लेम

सीना-भीमेला पूर आला की मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून मी पेटीत हॅम रेडिओचा (हौशी लोकांचा बिनतारी) सेट बसवला. होटगी तलावाजवळ ट्रायल घेतली तर ऐकू सगळं येतंय पण पीटीटी दाबला की रेडिओ बंद, आधी वाटलं बॅटरीच गेली, पण मीटर लावला तर बॅटरीवर १३ व्होल्ट आणि रेडिओपाशी बोलताना जेमतेम ११. शंभर वॉटवर बोलायला २० अँपिअर लागतात हो, आणि माझी वायर १ स्क्वेअर एमएमची, ती पण ३ मीटर, व्होल्ट तिच्यातच पडत होते! मग ६ स्क्वेअर एमएमची १ मीटर टाकली, बॅटरीपाशीच फ्यूज लावला. ७.१ मेगाहर्ट्झचा २० मीटर लांबीचा डायपोल (तारेचा अँटेना) लिंबाला बांधून पुन्हा बोललो, एकदाही बंद पडला नाही. व्होल्टेज बोलतानाच मोजा, नुसतं ऐकताना सगळं ठीकच दिसतं.