झाकण बदललं, दिवा तसाच

कसारा घाट चढून नाशिकला आलो आणि चेक इंजिनचा दिवा लागला. बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४५३, म्हणजे इंधनाच्या टाकीतला दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर जास्त. मुंबई नाक्याजवळच्या गॅरेजवाल्याने "भाऊ, टाकीचं झाकण लीक आहे" म्हणत नवं झाकण गळ्यात मारलं. दिवा तसाच!

रविवारी स्वतःच बसलो. झाकण उघडलं की टाकीत बाहेरचाच दाब. माझ्या गाडीत तेव्हा सेन्सरच्या सिग्नलचे अडीच व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दिसले ४.९, आणि तिथेच चिकटलेले. सेन्सरचा प्लग काढून मीटर लावला: एका तारेवर बरोबर ५ व्होल्ट, अर्थिंगही ठीक. (अर्थिंग तुटलं असतं तरी असाच आकडा आला असता.) म्हणजे सेन्सरच गेलेला. तो बदलला, कोड पुसला, आता २.५. जुनं झाकण मात्र गॅरेजवाल्याकडेच राहिलं.