बेडी हातात घेणाऱ्या नव्या शिपायासाठी

मुख्यालयात नव्याने हजर झालेल्या शिपायाच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा गार्ड ड्युटी नाहीतर कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांची ने-आण करणारं पथक, येते. प्रशिक्षण केंद्रात रायफल महिनोन्‌महिने घोटून घेतलेली असते, बेडी मात्र एखाद्या तासात दाखवून संपते. प्रत्यक्षात रायफल चालवायची वेळ कित्येकांवर निवृत्तीपर्यंत येत नाही आणि बेडी पहिल्याच आठवड्यात हातात पडते. कैदी पार्टी, लॉकअप गार्ड आणि पुढे पोलीस ठाणं, तिन्हीकडे मी ती हाताळली आणि नव्या पोरांना शिकवलीही. त्यातून जे पक्कं झालं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात बसवून घ्या. बेडी लागली की त्या माणसाचे हात तुमच्या ताब्यात येतात. तोल गेला तर त्याला हात टेकता येत नाहीत, उलटी झाली तर तोंड पुसता येत नाही, गाडी उलटली तर दार उघडता येत नाही. ते सगळं आता तुम्ही करायचं असतं. खाली जे काही सांगतोय ते सगळं यावरूनच येतं.

बेडी लावायची की नाही, हा प्रश्न ती कशी लावायची याच्या आधी येतो. तिहारमधल्या एका कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला तार केली, की न्यायालयात नेताना आपल्याला बेड्या घालतात. त्या प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला, की सरसकट बेडी घालणं अमानुष आहे. पळून जाण्याची खरी शक्यता असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच ती घालावी, आणि कारण लिहून ठेवावं. १९९५ च्या आसाममधल्या प्रकरणात तर कैद्यांना रुग्णालयात खाटेला बेड्यांनी जखडलं होतं. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ते पाहून न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अशी बेडी चालणार नाही असं न्यायालयाने बजावलं. रुग्णालय गार्डला लागलेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. रात्री झोप येते म्हणून आजारी माणसाचा हात खाटेला अडकवायचा मोह तिथेच होतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४३(३) मध्ये अटक करताना आणि न्यायालयात हजर करताना बेडी वापरण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हा, दहशतवादी कृत्य, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, खून, बलात्कार, अॅसिड हल्ला, बनावट नोटा, मानवी तस्करी, बालकांवरचे लैंगिक गुन्हे आणि राज्याविरुद्धचे गुन्हे. मात्र यादीत गुन्हा बसला म्हणजे बेडी लावलीच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य पाहून ठरवायचं आहे. शिवाय पळून जाऊ नये एवढ्यापुरताच अटकाव करायचा, हे कलम ४६ कायम आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला, बेडी लावायचीच नाही. २०१६ च्या बाल न्याय नियमांत ती मनाई आहे. बेड्या घालून आरोपीला त्याच्या वस्तीतून फिरवण्याचा अधिकार तर कोणत्याच कलमाने दिलेला नाही. बेडी लावा असं वरिष्ठ म्हणाले तरी ती का लावली याची कारणासह स्टेशन डायरीला नोंद घ्या. ती नोंद उद्या तुमच्याच कामी येते.

आता वस्तूबद्दल. काही ठिकाणी अजून इंग्रजांच्या काळच्या धर्तीच्या जड, स्क्रूच्या किल्लीच्या बेड्या सापडतात. त्यांचं माप ठरलेलं असतं: बारीक मनगटातून निसटतात, जाड मनगटाला लागत नाहीत. दात असलेल्या फिरत्या पट्टीची आजची बेडी अमेरिकेतल्या जॉर्ज कार्नी यांच्या १९१२ च्या पेटंटमधून आली. तिची पट्टी मनगट चुकलं तरी आरपार फिरून पुन्हा जागेवर येते, म्हणून एका हाताने आणि किल्लीशिवाय लावता येते. निवडायची संधी मिळाली तर हीच घ्या.

साखळीची, बिजागरीची आणि पूर्ण ताठ, असे तीन प्रकार मिळतात. बिजागरीची आणि ताठ बेडी झटापटीत जास्त काबू देते, पण ती लावायला सराव लागतो आणि किल्लीची बाजू आधीच नीट धरावी लागते. आपल्याकडच्या कैदी पार्टीला, जिथे तासन्‌तास प्रवास आणि मध्ये जेवणखाण असतं, साखळीचीच बरी. चांगली पोलादी जोडी साधारण ३०० ग्रॅम भरते. विकत घेताना पट्टी फिरवून पाहा, दातांना टोचणारे कंगोरे नाहीत ना हे बोट फिरवून पाहा, साखळीची टोकं दोन्हीकडे मोकळी फिरतात का पाहा, आणि सर्वांत महत्त्वाचं, डबल लॉक, म्हणजे पट्टी आहे तिथेच अडकवून ठेवणारं दुसरं कुलूप, आहे का पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने (एनआयजे) धातूच्या बेड्यांसाठी १९८२ मध्ये ०३०७.०१ हे मानक काढलं होतं. त्याचा उल्लेख असलेला माल मिळाला तर उत्तम. बाजूला दाबलं की किल्लीशिवाय उघडणारी खिटी असेल तर ते खेळणं समजा. नायलॉनच्या पट्ट्या मोर्चात मोठ्या संख्येने माणसं ताब्यात घेताना कामाच्या असतात, पण त्या फक्त आवळतात, सैल होत नाहीत. बोथट टोकाचं कटर सोबत नसेल तर त्या वापरू नका.

बेडी लावताना आधी बोला. "हात मागे घ्या, तळवे बाहेर ठेवा," असं स्पष्ट आणि शांत आवाजात सांगितलं की निम्मी माणसं तिथेच शांत होतात. बेडी मनगटाच्या हाडावर आपटायची नसते. पट्टी मनगटावर टेकवून दाबली की ती स्वतः फिरून बसते. तळहात आणि मनगटाचं उंच हाड यांच्या मधली जागा धरा. बाही, घड्याळ, कडं, बांगड्या यांच्यावरून लावू नका. ते काढून अंगझडतीच्या यादीत घ्या. किल्लीचं भोक कोपराच्या दिशेला, बोटांपासून लांब असू द्या. मग बेडी आणि मनगट यांच्यात करंगळीचं टोक जातं का पाहा, आणि लगेच डबल लॉक करा.

हे लॉक घाईत राहून जातं आणि सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं. डबल लॉक नसलेली बेडी फक्त पुढे सरकते. आरोपी गाडीत मागे टेकून बसला, खड्डा आला, तो सावरायला गेला, की दरवेळी एकेक दात आवळला जातो. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने कातडीलगत एक नस जाते. ती दबली की अंगठ्याच्या मागचा भाग बधिर होतो आणि बेडी काढल्यावरही ती बधिरता कित्येक आठवडे टिकू शकते. वैद्यकीय तपासणीत ते लिहिलं जातं. म्हणून "साहेब, घट्ट होतंय" असं कुणी म्हणालं की दरवेळी बोट घालून पाहा. तो नाटक करतोय हे तुमचं मत असेल, तरी पाहायला काही क्षणच लागतात. आणि सोडवताना गोंधळू नका: किल्ली आधी लॉक उतरवण्याच्या दिशेने फिरवायची आणि मग उलट फिरवून बेडी उघडायची. भांडाराच्या टेबलावर डोळे मिटून जमेपर्यंत हे करा.

बेडी लागल्यावर अंगझडती घ्या. झटापटीत माणूस पालथा पडला असेल तर बेडी लागताच त्याला कुशीवर वळवा नाहीतर उठवून बसवा. पाठीवर कुणाचंही वजन नको. दारू प्यायलेला, दम्याचा, स्थूल माणूस हात मागे बांधून पालथा राहिला तर श्वास अडकून दगावू शकतो. तो ओरडायचा थांबला म्हणजे शांत झाला असं धरून चालू नका.

लांबच्या प्रवासात परवानगी असेल तर बेडी पुढून लावा आणि वर नॅपकिन टाका. बघ्यांची नजर हटते आणि त्या माणसाचाही राग उतरतो. बेडीला बांधलेली दोरी हातात धरा, स्वतःच्या कंबरपट्ट्याला बांधू नका. गाडीच्या सीटला किंवा रेल्वेच्या खिडकीच्या गजाला कधीही अडकवू नका. आग किंवा अपघात झाला तर त्याला सोडवायला वेळ मिळत नाही. दोन किल्ल्या पार्टीतल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे द्या. पळून जाण्याचे प्रसंग बहुतेक शौचालय, जेवण आणि उतरण्याची गडबड या तीन वेळांना येतात, म्हणून कोण कुठे उभा राहील हे आधीच ठरवा. हलगर्जीमुळे आरोपी पळाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २६१ नुसार गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.

देखभालीकडे फार कुणी बघत नाही. निकेलचा मुलामा असलेली बेडी कोकणच्या पावसाळ्यात एखाद्या ओल्या कपाटात राहिली तर दातांच्या मुळाशी गंज धरते आणि पट्टी अडखळते. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी स्टेनलेस स्टीलची मागावी. वापरानंतर कोमट साबणपाण्याने घासा, कोरडी पुसा, पंख्याखाली ठेवा. रक्त किंवा थुंकी लागली असेल तर हातमोजे घालून आधी धुवा, मग स्पिरिटने पुसा. ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, पोलाद खाल्लं जातं. भोकात शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब किंवा थोडी ग्रॅफाइट पावडर पुरते. जास्त तेल घातलं की धूळ बसून आत चिकटा तयार होतो. रिव्हेट सैल, दात झिजलेला किंवा पट्टी वाकलेली दिसली तर ठोकून सरळ करू नका, बाद करून भांडारात जमा करा. ड्युटीवर निघताना पट्टी काही वेळा फिरवा, डबल लॉक लावून सोडवा, आणि तुमच्या खिशातलीच किल्ली चालते याची खात्री करा.

सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याने तुम्हाला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. मॉलमध्ये किंवा सोसायटीत चोर रंगेहाथ सापडला तर कोणत्याही नागरिकाला असतो तेवढाच अधिकार तुम्हाला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करायचं. संशयावरून एखाद्या पोराला बेडी लावून केबिनमध्ये बसवून ठेवलं, तर बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार तुमच्या नावाने होऊ शकते. ११२ ला फोन करा, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, माणसाला खुर्चीवर बसवा, पाणी द्या, आणि पोलीस येईपर्यंत दोघांनी दाराशी थांबा.