ओव्याचं तेल: काढण्यापासून जंतुरोधक आणि डीपीपीएच (ऑक्सिडीकरणरोधक) चाचणीपर्यंत

एकाच बाटलीतल्या ओव्याच्या तेलाच्या चाचणीत तीन दिवशी तीन वेगळे आकडे आले, तर जंतूंना दोष देण्याआधी तेलाकडे बघा. ओव्याच्या तेलाच्या तीन खोडी आहेत: ते उडून जातं, पाण्यात मिसळत नाही आणि गार झालं की त्यातलं थायमॉल तळाशी बसतं. खालच्या जवळजवळ सगळ्या सूचना या तीन खोडींसाठीच आहेत.

आधी ओवा योग्य तो घ्या. कुंडीत वाढतो आणि ज्याच्या पानांची भजी करतात तो पानओवा तुळशीच्या कुळातला. आपल्याला हवा तो जिरे-धण्याच्या कुळातला, बियांचा ओवा. काष्टौषधींच्या दुकानात मिळणारा खुरासानी ओवा चुकूनही नको, त्यात हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही विषारी अल्कलॉइडं असतात.

तेल काढणं

100 ग्रॅम ओवा खलबत्त्यात भरड कुटा. बी फुटावं एवढंच हवं. बारीक पूड केली तर ती फेसाबरोबर वर चढते, तळाला लागते आणि मिक्सरच्या उष्णतेने तेल आधीच उडतं. कुटल्यावर लगेच 2 लिटरच्या फ्लास्कमध्ये घालून 600 मिली पाणी ओता, क्लेव्हेंजर (वाफेबरोबर आलेलं तेल गार करून मोजनळीत साठवणारं काचेचं उपकरण) जोडा आणि उकळी फुटल्यापासून 3 तास चालू ठेवा. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने मोजनळीत वर साठतं. 2 ते 4 मिली मिळालं तर ठीक. एक मिलीही नसेल, तर ओवा जुना आहे किंवा जोडातून वाफ निसटते आहे. जोडाजवळ ओव्याचा उग्र वास आला की समजा.

तेलात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट घालून पाणी शोषून घ्या, गडद काचेच्या कुपीत काठोकाठ भरा आणि 4 अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी काचेच्या काड्यांसारखे पांढरे स्फटिक दिसू शकतात. हेच ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल. तेलात ते साधारण 35 ते 60 टक्के असतं, बाकीचा मोठा वाटा गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीनचा. जंतूंच्या पेशीपटलाला भोकं पाडण्याचं मुख्य काम थायमॉलचं, म्हणून वरवरचं पातळ तेल पिपेटने घेतलंत तर निम्मं औषध कुपीतच राहतं. दरवेळी बंद कुपी 50 अंशांच्या पाण्यात धरा, स्फटिक पूर्ण विरघळू द्या, हलवा आणि मगच तेल घ्या.

जंतूंवर चाचणी

डिस्क पद्धत, म्हणजे जंतू पसरलेल्या आगारावर तेलाची कागदी चकती ठेवून तिच्याभोवती वाढ न झालेलं वर्तुळ मोजणं, पहिल्या चाळणीपुरती वापरा. म्युलर-हिंटन आगार (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम) 4 मिमी जाडीचं, जंतूंचं द्रावण 0.5 मॅकफार्लंड (जंतूंची संख्या गढूळपणावरून ठरवायचं माप) गढूळतेचं, 6 मिमीच्या डिस्कवर 10 मायक्रोलिटर तेल. एका प्लेटमध्ये तेलाची एकच डिस्क ठेवा, कारण वाफ झाकणाखाली पसरून शेजारच्या डिस्कभोवतीची वाढही रोखते. पॅराफिल्मने (ताणून चिकटणाऱ्या पट्टीने) प्लेट बंद करून 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवा. तुलनेसाठी जेन्टामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क वेगळ्या प्लेटमध्ये लावा. तिचं वर्तुळ आणि तेलाचं वर्तुळ मिलिमीटरने तोलू नका: जेन्टामायसिन आगारात सहज पसरतं, तेल पसरत नाही.

खरा आकडा द्यायचा तर किमान रोधक प्रमाण, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं सर्वात कमी तेल, काढा. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (त्याच माध्यमाच्या पातळ रूपात) 0.5 टक्का ट्वीन 80, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ, घालून ठेवा. काचेच्या नळीत या ब्रॉथच्या 1 मिलीला 16 मायक्रोलिटर तेल घालून मिनिटभर व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा). 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये पहिल्या वेलात हे मिश्रण 200 मायक्रोलिटर, पुढच्या नऊ वेलांत नुसतं ब्रॉथ 100 मायक्रोलिटर घ्या. आता 100-100 मायक्रोलिटर पुढे नेत जा आणि दहाव्यातून 100 टाकून द्या. 0.5 मॅकफार्लंडचं द्रावण 150 पट पातळ करून दहाही वेलांत 100 मायक्रोलिटर घाला. पहिल्या वेलात मिलीमागे 8 मायक्रोलिटर तेल राहतं, पुढे निम्मं निम्मं. अकरावा वेल तेलाविना, पण ट्वीन आणि जंतूंसह. त्यात जंतू वाढले नाहीत तर सगळी प्लेट रद्द. बारावा जंतूंविना.

दोन नमुन्यांमध्ये एक ओळ रिकामी सोडा आणि प्लेटला चिकटझाकण लावा. साधी पॉलिस्टायरीन प्लेट तीव्र तेलाने मऊ पडते, धुरकट होते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची घ्या. 24 तासांनी प्रत्येक वेलात 0.015 टक्के रेझाझुरिन हा निळा रंग 30 मायक्रोलिटर घालून 2 ते 4 तास थांबा. जंतू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. सर्वात कमी तेलाचा जो वेल निळा राहिला, ते उत्तर. जंतू मेले की नुसते थोपले, हे पाहायला निळ्या वेलांतलं 10 मायक्रोलिटर साध्या आगारावर पसरून आणखी एक दिवस ठेवा. वापरलेलं सगळं 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

स्टॅफिलोकॉकस लवकर हरेल, स्यूडोमोनास बराच चिवट निघेल. त्याचं बाहेरचं पटल तेलाला आत येऊ देत नाही.

डीपीपीएच

डीपीपीएच हे जांभळं रसायन; ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ भेटला की त्याचा रंग पिवळा होतो, आणि रंग जितका उतरतो तितका तेलाचा जोर. 3.94 मिग्रॅ डीपीपीएच 100 मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा, त्याच दिवशी वापरा, नळ्यांना फॉइल गुंडाळा. 2.9 मिली द्रावणात तेलाचं मिथेनॉलमधलं 0.1 मिली द्रावण घाला, 30 मिनिटं अंधारात ठेवा आणि 517 नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो त्याचं वाचन घ्या. नियंत्रणाचं (तेलाविना नळीचं) वाचन 1 च्या आसपास हवं; फार कमी असेल तर डीपीपीएच जुनं झालंय. नियंत्रणातून नमुन्याचं वाचन वजा करा, नियंत्रणाने भागा, 100 ने गुणा. पाच-सहा प्रमाणांची रेघ काढून 50 टक्के रोध कुठे पडतो ते वाचा. सोबत तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक ॲसिड चालवा.

इथे घाई नडते. ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या नळीतला जांभळा रंग डोळ्यांदेखत पिवळा होतो, थायमॉल मात्र डीपीपीएचशी सावकाश झुंजतं. 30 मिनिटांनंतर 60 आणि 90 मिनिटांनीही वाचन घ्या; आकडा अजून घसरत असेल तर अर्ध्या तासाचा निकाल तेलावर अन्याय करणारा आहे. अहवालात वेळ लिहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नका. निव्वळ तेल त्वचेवर किंवा तोंडात लावून पाहण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, थायमॉल भाजतं.