मॅन्युअल गिअरची वेगवान गाडी निवडताना आणि चालवताना

स्टिअरिंगमागच्या पॅडलने, म्हणजे बोटांनी ओढायच्या पट्टीने, गिअर बदलणारी गाडी अधिक वेगवान असते, हे आधी मान्य करावे. २०२१ मध्ये आलेली पोर्शे ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार पीडीके या पोर्शेच्या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.४ सेकंदांत गाठते, तर मॅन्युअलला ३.९ सेकंद लागतात. तरीही २०१३ मध्ये केवळ पीडीकेसह आलेल्या जीटी३मध्ये कंपनीने २०१७ मध्ये मॅन्युअलचा पर्याय पुन्हा दिला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

गाडी पाहायला गेल्यावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच पायाच्या आवाक्यात येतात का, हे सर्वप्रथम तपासावे, कारण खरे कौशल्य तिथेच लागते. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच, उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवावा, डाव्या पायाने क्लच दाबावा, खालचा गिअर टाकताना उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटर क्षणभर दाबून इंजिनाचे फेरे वाढवावेत आणि मगच क्लच सोडावा; फेरे जुळले नाहीत, तर मागची चाके अडखळून गाडीचा तोल बिघडू शकतो. सराव मोकळ्या, रहदारीला बंद असलेल्या जागेत करावा. चुकीचा खालचा गिअर पॅडलची यंत्रणा नाकारते; मॅन्युअल मात्र तो स्वीकारतो आणि इंजिन निकामी होऊ शकते, म्हणून घाई करू नये.