जिप्सीचे ब्रेक पॅड घरी बदलताय? मग या चुका टाळा

जुनी मारुती जिप्सी घेणारी पोरं वाढलीयेत आणि मला त्याचा आनंदच आहे, १९८५ साली भारतात आलेली गाडी अजून ओढ्यातून आरामात जाते म्हटल्यावर कोणाला नको असेल. पण ब्रेकच्या बाबतीत दर पावसाळ्यात तेच तेच बघून आता वैताग आलाय. गाडी एका बाजूला ओढते, पेडल नरम लागतं, किरकिर आवाज येतो, की लगेच नवीन पॅड. महिन्याभरात पुन्हा तोच त्रास, मग म्हणायचं पॅड नकली निघाले. अरे बहुतेक वेळा पॅडचा काही दोषच नसतो!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या, पिनांकडे न बघणं. जिप्सीला पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती), मागे ड्रम. पुढच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तो आतल्या पॅडला दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. आता आपली कोकणातली लाल माती, ती पिनेवरच्या फाटक्या रबर बुटातून (टोपणातून) आत जाते, वाळते, आणि पिन जाम. मग सगळं काम एकटा आतला पॅड करतो.

माझ्यासोबत हेच झालंय. जुलैमध्ये ताम्हिणी उतरत होतो, धुकं, रस्ता ओला, आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जायची, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर. पॅड तीनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललेले त्यामुळे माझ्या डोक्यात पॅडचा विषयच नाही, मी अलाइनमेंटला शिव्या घालतोय. दुसऱ्या गिअरवर कसाबसा खाली आलो, डावं चाक काढलं तर बाहेरचा पॅड जवळपास नवा आणि आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला, डिस्कवर चरे. पिन हातोडीने ठोकून काढावी लागली आणि तिला जे ग्रीस होतं ते बेअरिंगचं! त्या ग्रीसने बूट फुगून सैल झाला, मग चिखलाला रस्ता मोकळाच. नवीन डिस्क, नवीन पिना, नवीन बूट, सगळं आलं.

तेव्हापासून पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मी पिना बाहेर काढतोच. पुसायच्या, गंजाचे खड्डे पडले असतील तर बदलायच्या, आणि सिलिकॉन ग्रीसच लावायचं, तेही पातळ. बोटाने ढकलून पिन सरकली नाही तर मी चाक लावत नाही. दोन्ही बाजूंचं मिळून तासाभराचं काम आहे, तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी पॅडला हात लावू नका.

दुसरी चूक ब्रेक ऑइलची. पिस्टन आत ढकलताना ऑइल उलटं टाकीत चढतं, टाकी आधीच काठोकाठ असेल तर बाहेर सांडतं आणि रंग खातं. मी आधी सिरिंजने थोडं काढून घेतो. पण खरी भीती जुन्या ऑइलची. ते हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत येऊ शकतो. लांब घाटात पाय ब्रेकवर ठेवून उतरलात की आत वाफ होते आणि पेडल थेट तळाला. दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला, मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून पाइपातली एअर काढत या. आणि घाट गिअरवर उतरा, न्यूट्रल करून डिझेल-पेट्रोल वाचवणाऱ्यांशी मी वादच घालत नाही आता.

बाकीच्या पटकन सांगतो. कॅलिपर ऑइलच्या रबरी होस पाइपवर लटकवू नका, तारेने बांधा. पॅड एकाच बाजूचे बदलू नका. नुसत्या जॅकवर काम नको, स्टँड लावा. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते ती बघा, त्याखाली गेली असेल तर लेथवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, नवीनच घ्या. धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

आणि काम झालं की गाडी सुरू करायच्या आधी पेडल पंप करा! पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले तीन-चार दाब रिकामेच जातात. आमच्या सोसायटीतल्या एका पोराने घाईत चाकं लावली, उतारावर रिव्हर्स टाकला, पेडल खाली आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीत. पाच मिनिटांपूर्वी तिथे लहान मुलं खेळत होती हो.

नवीन पॅड बसायला वेळ द्या. मी रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या स्पीडवरून पंधरा-वीसपर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक मारतो, मध्ये थोडं चालवून थंड होऊ देतो, पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवत नाही. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाटात जात नाही, ग्रुप कितीही बोलावत असला तरी. आणि त्याच वेळी मागचे ड्रमही उघडून बघतो, ओढ्यातून गाडी नेली असेल तर आत वाटीभर चिखल हमखास निघतो.